संगणक-जुळणी : प्रोसेसर व मदरबोर्ड यांची निवड

सुट्या भागांपासून घरी संगणक तयार करताना सूक्ष्मप्रक्रियक (प्रोसेसर) व मुख्य मंडलफलक (मदरबोर्ड) प्रथम निवडावे लागतात. इतर बहुतेक भाग त्यांच्या अनुरोधाने ठरतात. प्रोसेसर आज्ञावलीनुसार आकडेमोड व नियंत्रण करतो. मदरबोर्ड त्यास वीज पुरवितो आणि स्मृती, साठवण इ. साधनांशी जोडतो. परस्परांशी न जुळणारे भाग घेतल्यास खर्च वाया जातो. म्हणून त्यांची निवड जोडीनेच करणे आवश्यक असते.

इंटेल कंपनीने १९७१ मध्ये सु. २,३०० ट्रँझिस्टरांचा ४००४ हा सूक्ष्मप्रक्रियक बाजारात आणला. आयबीएम कंपनीच्या १९८१ मधील वैयक्तिक संगणकाची रचना खुली असल्याने अन्य उत्पादकांना त्यास जुळणारे भाग बनविता आले. १९९५ मध्ये आलेल्या एटीएक्स मानकामुळे फलक, पेटी व वीजसंच यांच्या मापांत एकसूत्रता आली. महाराष्ट्रात मुंबईचा लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) ही सुट्या भागांची प्रसिद्ध बाजारपेठ आहे.

जुळणीच्या कसोट्या : पहिली कसोटी सॉकेटची. इंटेलचे एलजीए १७०० व एएमडीचे एएम ५ या सॉकेटांतील प्रोसेसर एकमेकांच्या जागी बसत नाहीत. दुसरी स्मृतीची : एएम ४ फलकांना डीडीआर ४, तर एएम ५ फलकांना डीडीआर ५ स्मृती लागते, एलजीए १७०० चे फलक दोन्ही प्रकारांत मिळतात. तिसरी बायोस या मूलभूत आज्ञावलीची. सॉकेट जुळूनही जुन्या बायोसमुळे नवा प्रोसेसर सुरू होत नाही, असा अनुभव एएम ४ च्या आरंभीच्या फलकांबाबत आला. त्यामुळे फलकाच्या निर्मात्याने प्रसिद्ध केलेली प्रोसेसरांची यादी खरेदीपूर्वी पाहावी लागते.

स्थानिक परिस्थिती : अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेत असून हवामान कोरडे आहे. उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या आसपास जाते. शीतक प्रोसेसरची उष्णता खोलीतील हवेतच सोडतो. त्यामुळे खोली २५° से. ऐवजी ४०° से. असल्यास तेवढ्याच कामास प्रोसेसरही सु. १५° से. अधिक तापतो. सु. ९० ते १००° से. ही मर्यादा गाठल्यावर तो आपला वेग आपोआप कमी करतो. अर्थात, महागड्या प्रोसेसरचा वाढीव वेग भर उन्हाळ्यात हाती लागेलच असे नाही. धूळ साचल्याने शीतकाची क्षमता आणखी घटते.

मदरबोर्डावरील दाबनियामक १२ व्होल्ट दाब सु. १ व्होल्टपर्यंत उतरवितात. ६५ वॉटच्या प्रोसेसरला त्यासाठी ५० अँपिअरहून अधिक प्रवाह लागू शकतो. नियामकांवर धातूचे उष्णताशोषक असलेला फलक म्हणून अधिक टिकाऊ ठरतो. वीज वारंवार खंडित होणाऱ्या गावी यूपीएसचा खर्चही आधीच धरावा लागतो. कमी वॉटचा प्रोसेसर असल्यास तोच यूपीएस अधिक वेळ पुरतो.

निवडीचा क्रम : अभ्यास, हिशेब, टंकलेखन यांसाठी अंगभूत चित्रप्रक्रियक असलेला, ६५ वॉटचा मध्यम प्रोसेसर पुरेसा होतो. इंटेलच्या ‘एफ’ अक्षरान्त प्रोसेसरांत ही सोय नसल्याने स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते. चलच्चित्र-संपादनास अधिक गाभ्यांचा प्रोसेसर उपयुक्त असतो. प्रथम काम, नंतर प्रोसेसर, त्यानंतर त्यास अनुरूप मदरबोर्ड आणि शेवटी स्मृती व वीजसंच, असा क्रम ठेवल्यास मर्यादित रकमेचा योग्य विनियोग होतो.