‘ऊन लागणे’ आणि गोठ्यातील उष्माघात

नागपूरच्या उन्हाळ्याविषयी वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सियस इतक्या तापमानाची नोंद झाली. अशा दिवसांत कोणी आजारी पडला की सर्वसामान्य मनुष्य ‘त्याला ऊन लागले’ असे म्हणतो. वैद्यकीय व शासकीय भाषेत त्यालाच ‘उष्माघात’ म्हटले जाते. हे दोन शब्द एकाच रोगाची घरगुती व शास्त्रीय नावे होत, असा समज आहे. तो पुरता बरोबर नाही. आणि दोहोंतील अंतर सर्वांत अधिक जाणवते ते गुरांच्या गोठ्यात, ज्याला विदर्भात बहुधा ‘कोठा’ म्हणतात.

‘ऊन’ हा शब्द संस्कृत ‘उष्ण’, प्राकृत ‘उण्ह’ या मार्गाने मराठीत आला. जुन्या लेखनातील ‘ऊन्ह’ या रूपात त्यातील हकाराची खूण दिसते. मूळ अर्थ केवळ ‘तापलेले’ असा असून ‘ऊन पाणी’, ‘ऊन ऊन भात’ या प्रयोगांत तो अद्याप शिल्लक आहे. नाम म्हणून मात्र तो सूर्यप्रकाशापुरता संकोचला. त्यामुळे ‘ऊन लागणे’ या वाक्प्रचारात रोगाचे कारण म्हणून सूर्य गृहीतच धरलेला असतो, आणि सावलीत बसलेल्या माणसाला ऊन लागेल ही कल्पना त्यात बसत नाही. ‘उष्माघात’ या शब्दास असे बंधन नाही. आघात उष्म्याचा, तो उन्हातून येवो की छपराखालून.

गोठ्यात नेमके हेच घडते. टिनाचे पत्रे दुपारी तापतात आणि ती उष्णता खाली फेकतात. दुभते जनावर शरीरातून जी उष्णता बाहेर टाकते, ती स्वस्थ बसलेल्या माणसाच्या कित्येक पट असते. जनावरांचा श्वास, मूत्र आणि धुतलेली जमीन यांमुळे हवेत ओलावा साचतो. आता मनुष्यदेह अशा वेळी थंड होतो तो मुख्यतः घाम वाळल्याने. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. परंतु दमट हवेत घाम निथळतो, वाळत नाही, आणि निथळलेला घाम काहीच उष्णता नेत नाही. मराठीला ही स्थिती अपरिचित आहे असे नव्हे. उकडणे, गदमदणे, कोंदटणे हे शब्द तिचेच वर्णन करतात. पण ते त्रासाचे शब्द आहेत, रोगाचे नव्हेत. ‘आत फार गदमदते’ म्हणणारा गडी शेण काढण्याचे काम थांबवीत नाही, आणि मालकही त्याला थांबवीत नाही.

जून महिन्यात हा धोका आणखी फसवा होतो. पारा उतरतो, दमटपणा वाढतो, आणि सर्वजण निर्धास्त होतात.

उपाय अवघड नाहीत. शेण काढणे, कुटार भरणे यांसारखी श्रमाची कामे सकाळी दहाच्या आत उरकावीत. छपरावर चुना द्यावा अथवा पऱ्हाट्यांचा थर पसरावा. आढ्याजवळ गरम हवेला वाट ठेवावी. कूलर लावायचा तर समोरची बाजू मोकळी हवी. बंद गोठ्यात तो केवळ ओलावा वाढवितो. पाणी दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर प्यावे. येथेही भाषा थोडी आड येते. ‘तहान लागली की पाणी पितो’ हे उत्तर ठरलेले असते, आणि तहान लागेपर्यंत शरीरातील पाणी बरेच घटलेले असते. पन्हे उपयोगी आहे. खिशातल्या कांद्यावर मात्र भिस्त ठेवण्याचे कारण नाही.

सालगड्याचे साल पाडव्याला सुरू होते, ही प्रथा या बाबतीत नकळत हितकर ठरते. शरीरास उष्म्याची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात, आणि पाडव्याला लागलेला गडी उन्हाळ्याबरोबर हळूहळू सरावतो. मे महिन्यात बदली म्हणून आलेल्या वा दीर्घ रजेवरून परतलेल्या गड्याला ती संधी मिळत नाही. त्याच्याकडून पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाचा पाचवा हिस्सा घ्यावा व तो रोज तेवढाच वाढवावा, असा व्यवसाय-आरोग्याच्या क्षेत्रातील संकेत आहे.

उष्माघाताचे एक ठळक लक्षण बोलण्यातच दिसते. मनुष्य असंबद्ध बोलू लागतो, शब्द अडखळतात, विचारले एक तर सांगतो भलतेच. अंग कोरडे पडलेच पाहिजे असे नाही. श्रम करताना झालेल्या उष्माघातात घाम सुरूही असतो. शरीराच्या आतील तापमान ४० अंशांवर गेलेले असताना ‘थकला आहे, पडू द्या’ असे म्हणणे घातक होय. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. परंतु ती येईपर्यंत थांबू नये. गोठ्याबाहेर मोकळ्या सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, गुरांच्या हौदातले का होईना, गार पाणी सर्वांगावर सतत ओतावे आणि वारा घालावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.