बॉस, आपण राजधानीत राहतो!

मुंबई-पुण्याचा क्लायंट आला की आपलं पॅकेज ठरलेलं. सकाळी वेरूळ, दुपारी दौलताबाद, संध्याकाळी मकबऱ्यासमोर फोटो आणि रात्री नान-खलिया. मग तो सहज विचारतो, 'पण हे शहर नेमकं इथेच का वसलं?' आणि आपली विकेट पडते!

उत्तर आहे पाणी.

1327 मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीची राजधानी शेजारच्या दौलताबादला हलवली. काही वर्षांतच गाशा गुंडाळला. पाणीटंचाई हे त्याचं एक कारण सांगितलं जातं. पुढे 1610 मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकी गावात नवं शहर वसवलं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला हा माणूस भलताच प्रॅक्टिकल निघाला. डोंगराकडचं पाणी त्याने जमिनीखालच्या कालव्यांतून शहरात खेळवलं. हीच ती नहर-ए-अंबरी.

म्हणूनच नंतर आलेल्यांनाही हे शहर सोयीचं पडलं. 1653 मध्ये औरंगजेबाने दख्खनचा कारभार इथून सुरू केला, पुढे पहिल्या निजामानेही इथेच राजधानी केली. 1763 मध्ये ती हैदराबादला गेली. खडकीचं औरंगाबाद झालं, 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर.

आता या रविवारचा प्लॅन. सुरुवात भडकल गेटपासून करा. मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून मलिक अंबरने ते 1612 मध्ये बांधलं. रोज त्याच्या शेजारून गाडी दामटता, एकदा उतरून मान वर करा! तिथून पाणचक्की. दूरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून इथे आणून त्यावर जातं फिरवायचे. दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंसाठी धान्य दळायला. ना मोटार, ना वीज! शेवटी मकबरा. पण 'मिनी ताज' म्हणून नको, दिलरस बानू बेगमची कबर म्हणून बघा.

हे सगळं आठवलं ते 2022 च्या उन्हाळ्यामुळे. आमच्या कॉलनीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. आईची अख्खी सुट्टी ड्रम भरण्यात जायची. चारशे वर्षांपूर्वी ज्या शहराने आधी पाण्याचा विचार केला, तिथे ही वेळ! नहर म्हणजे नुसता फोटो काढायचा हेरिटेज पॉइंट नाही. पाणी नसेल तर राजधानीही टिकत नाही, हा दौलताबादचा धडा आहे.

तेव्हा पुढच्या क्लायंटला आधी पाणचक्कीवर न्या. मकबरा नंतर!