तिथीची पाऊणपट

परवाच्या रविवारी अलिबागच्या किनाऱ्यावर माझ्या मुलाने आपल्या दहा वर्षांच्या लेकीला विचारलं, “आज पंचमी. पाचाची पाऊणपट किती?” तिने वाळूत बोटाने गणित मांडलं आणि सांगितलं, “थ्री पॉइंट सेव्हन फाइव्ह!”

“म्हणजे पावणेचार. तेव्हा भरती पूर्ण. त्याआधी साधारण सहा तास ओहोटी. किल्ल्यात जाऊ, पण दहाला परत फिरायचं.”

मी चपला हातात घेऊन मागे उभा होतो. हे गणित त्याला मी शिकवलेलं नाही.

१९९२ सालचा मे महिना. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी तीन. समुद्र दाखवा म्हणून त्यांनी वर्षभर पिच्छा पुरवलेला आणि मी क्लोजिंग, ऑडिट, बदली अशी कारणं पुढे करत आलेलो. शेवटी एका शनिवारी बँकेतला अर्धा दिवस उरकून आम्ही भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस आणि तिथून एसटीने अलिबाग गाठलं. हिने दशम्या नि लसणीची चटणी बांधून घेतली होती. मीही एक गोष्ट खिशात घेतली होती: एका लेजरचा न जुळलेला ताळा. फरक २७० रुपयांचा.

सकाळी ओहोटीत घोडागाडीवाल्याने आम्हाला कुलाबा किल्ल्याशी सोडलं. “नऊला परत निघा साहेब,” म्हणाला. किल्ल्यात गणपतीचं देऊळ, भोवती खारं पाणी असून आत गोड्या पाण्याची विहीर, चाकांच्या गाड्यांवरच्या तोफा. मुलगा तोफेच्या तोंडाशी उभा राहून ओरडला, “बाबा, बघा ना!” मी नुसतं ‘हं’ केलं. तटाच्या सावलीत बसून मी कागद उलगडला होता. फरकाला नवाने भाग जात असेल तर बहुधा आकडे उलटे लिहिले गेलेत, हा बँकेतला जुना ठोकताळा. शेवटी सापडलं. ५२० च्या जागी २५०!

आनंदाने मान वर केली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. हिने दोनदा “अहो, निघू या” म्हटलेलं माझ्या कानांपर्यंत पोचलंच नव्हतं.

पाणी आधी घोट्याला, मग गुडघ्याला, अर्ध्या वाटेवर मांडीला लागलं. मुलगी आईच्या कडेवर. मुलगा माझ्या खांद्यावर, माझे केस मुठीत घट्ट धरून. तेवढ्यात तोच घोडागाडीवाला गाडी पाण्यात घालून आला. मला एका शब्दाने बोलला नाही. मुलाला मात्र म्हणाला, “बाळा, तिथी विचारायची, तिची पाऊणपट करायची. तेवढ्या वाजता भरती.” परतीच्या एसटीत पोरगं ते पाढ्यासारखं घोकत होतं. मी खिडकीबाहेर बघत होतो.

चंद्र रोज उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. म्हणून कालची वेळ आज चालत नाही. तिथीचं गणित अंदाजाचं. मोबाइलवर आता मिनिटासकट वेळ कळते आणि मुलाने तीही पाहिली होती. पण मुलांना ती तोंडी काढायला लावल्याशिवाय तो पाण्यात पाऊल टाकत नाही.

परवा पाच वर्षांचा नातू तोफेशी उभा राहून ओरडला, “आजोबा, बघा ना!” मी पाहिलं. चांगलं जवळ जाऊन पाहिलं.

दहा वाजता तो निघायला तयार होईना. मुलाने त्याला रडतच खांद्यावर घेतलं. पाणी जेमतेम घोटाभर होतं. थोडं चालून गेल्यावर मागे न बघता मुलाने विचारलं, “बाबा, त्या दिवशी तुमचा फरक सापडला होता ना?”

इतक्या वर्षांत त्या दिवसाचा विषय आमच्यात कधी निघाला नव्हता.

“सापडला होता.”

“किती होता?”

“दोनशे सत्तर.”

तो काही बोलला नाही. चार पावलं पुढे गेला, थांबला आणि मोकळा हात माझ्यापुढे केला. “सांभाळून या बाबा, इथे शेवाळ आहे.”