नाथसागरावरची बदके आणि देशोदेशीचे शिकारकायदे

पैठणजवळ गोदावरी अडवून झालेल्या नाथसागराला १९८६ साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि त्याच्या उथळ काठांवर दर हिवाळ्यात तलवार बदक, थापट्या, चक्रवाक अशा उत्तरेकडच्या पाणपक्ष्यांचे थवे उतरतात. यांतले तलवार बदक सायबेरियापर्यंतच्या प्रदेशात वीण करते आणि मध्य आशियाई उड्डाणमार्गाने, म्हणजे सुमारे तीस देशांवरून जाणाऱ्या स्थलांतराच्या पट्ट्यातून, दक्षिणेत येते. त्यामुळे एकाच पक्ष्याला वर्षभरात अनेक कायद्यांच्या हद्दी ओलांडाव्या लागतात.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने सुरुवातीला परवान्यावरची शिकार चालू ठेवली होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती सोय काढून टाकली. या कायद्यातील शिकारीची व्याख्या बंदुकीपुरती नाही, तर सापळा लावणे, विष घालणे, पक्ष्यांची अंडी वा घरटी बिघडवणे आणि यांचा नुसता प्रयत्न करणे हेही तिच्यात येते. ज्या देशात १९३८ साली भरतपूरच्या तळ्यावर व्हाइसरॉयसाठी योजलेल्या शिकारीत एका दिवसात चार हजारांवर पक्षी मारले गेले, त्या देशाने घेतलेला हा निर्णय निःसंशय योग्य होता. उलट रशियात ठरावीक दिवसांत, वसंतातसुद्धा, बदकांची शिकार चालते आणि पाकिस्तानात परवाना, हंगाम व दिवसाची कमाल संख्या ठरवून ती करू दिली जाते.

मात्र शिकारीला मुभा देणाऱ्या काही देशांनी मोजणीचे जे शास्त्र उभे केले, ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. अमेरिकेत बदकांच्या शिकाऱ्याला १९३४ पासून दरवर्षी एक खास तिकीट विकत घ्यावे लागते आणि त्या पैशातून पाणथळ जागा राखल्या जातात. १९५५ पासून वसंतात विमानातून वीणक्षेत्रांची पाहणी होते आणि त्या आकड्यांवरून हंगाम सैल ठेवायचा की आवळायचा हे ठरते. शिकाऱ्यांकडून मागवलेल्या पंखांवरून पक्ष्याचे वय कळते आणि त्यावरून त्या वर्षीची वीण कशी झाली, हेही समजते. शिशाच्या छर्‍यांवर तिथे १९९१ मध्ये बंदी आली, कारण चिखलात पडलेले छरे बदके खडे समजून गिळतात, पेषणीत, म्हणजे अन्न दळणाऱ्या जठराच्या स्नायुमय भागात, ते झिजतात आणि शिसे रक्तात उतरते.

शिकारीवर बंदी घातली की मारण्याचा हिशोब ठेवण्याची सक्ती उरत नाही, आणि इथेच भारताची बाजू लंगडी पडते. नाथसागरावरील पक्षी जानेवारीतल्या गणनेत मोजता येतात, परंतु एखाद्या वर्षी ते घटले तर पाणी वाढून उथळ काठ बुडाला म्हणून, वीण फसली म्हणून, की वाटेत शिकार जास्त झाली म्हणून, याचा उलगडा एका तळ्यावरच्या आकड्याने होत नाही. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने भारतात पायात कडी घातलेल्या बदकांचा ठावठिकाणा एके काळी बऱ्याच अंशी सोव्हिएत शिकाऱ्यांनी परत कळवलेल्या कड्यांवरूनच लागला. आता उपग्रहाला संकेत पाठवणारी यंत्रे हाताशी असल्याने ती माहिती पक्षी जिवंत असतानाच मिळू शकते, आणि तिच्या आधारे उड्डाणमार्गावरच्या देशांशी शिकारीच्या हंगामाबद्दल बोलणी करणे भारताला शक्य आहे.