आधी रोजकीर्द, मग खतावणी

माझी पुतणी पुण्यातल्या एका कंपनीत डेटाबेस सांभाळते. नातेवाइकांत तिची ओळख ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढीच. लग्नकार्यात कुणी तिला बिघडलेल्या प्रिंटरबद्दल विचारतं, कुणी मोबाइल पुढे करतं. मला मात्र तिचं काम चटकन कळलं. तीस-बत्तीस वर्षं बँकेत मी तेच काम शाईने होताना पाहिलं होतं.

व्यापारी पेढीवर व्यवहार आधी रोजकीर्दीत चढायचा, मग खतावणीत. बँकेत आधार व्हाउचरचा. लेजरचं पान भिजलं, फाटलं, तरी मागच्या जुळलेल्या शिलकेपासून व्हाउचरं लावत गेलं की आकडा पुन्हा उभा राही. आजचे मोठे डेटाबेस हेच करतात. बदल आधी ‘लॉग’मध्ये लिहून ठेवतात, तक्त्यात तो मागाहून पोचला तरी चालतं. मध्येच वीज गेली, तर पुन्हा सुरू होताना लॉग वाचून पुरे झालेले व्यवहार राखले जातात, अर्धवट राहिलेले रद्द होतात. माझ्या खात्यातून पाचशे रुपये वजा झाले आणि तुमच्या खात्यात जमा होण्याआधी दिवे गेले, तर? दोन्ही नोंदी व्हायला हव्यात, नाहीतर एकही नको. हा विचार पक्क्या पायावर उभा करणाऱ्यांत जिम ग्रे यांचं नाव मोठं. १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला.

“मग सगळं मशीनच करतं, तर तू काय करतेस गं?” मी विचारलं.

“संशय घेते, काका.”

उत्तर अस्सल हिशेबनिसाचं होतं. रोज रात्री सगळ्या माहितीची प्रत निघते, पडद्यावर हिरवी खूण उमटते आणि साहेब निश्चिंत झोपतात. पण त्या प्रतीवरून डेटाबेस पुन्हा उभा राहतो का, हे उभा करून पाहिल्याशिवाय कळत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. प्रती ठेवण्याच्या व्यवस्था अनेक होत्या, ऐन वेळी त्या कामी आल्या नाहीत. नेहमीची प्रत निघतच नव्हती आणि तसं कळवणारे ई-मेलही पोचत नव्हते. कुणीतरी चाचणीसाठी सहा तासांपूर्वी घेतलेली प्रत सापडली, म्हणून निभावलं. कंपनीने हे सारं स्वतःहून जाहीर केलं, याचं मला कौतुक वाटतं. आमच्या काळी असे कागद कपाटात जात.

पुतणीची कंपनी पतसंस्थांचे हिशेब ठेवते. म्हणजे कुणाची भिशी, कुणाच्या मुलीच्या लग्नाची ठेव. तिथे बिघाड झाला तर दोन तासांत काम सुरू करू, असं करारात लिहिलेलं. तिने एका शनिवारी जादा मशीनवर तालीम केली. आदली प्रत चढवली, वर लॉग चढवला, ओळी मोजल्या, बेरजा ताडल्या. घड्याळ लावलं होतं. सहा तास लागले!

वरिष्ठांना ते रुचलं नाही. ‘आजवर काही झालंय का?’ हा प्रश्न मलाही ओळखीचा आहे. तिने वाद घातला नाही, आकडा लेखी दिला. मग रात्री जागून नव्या आवृत्तीची माहितीपुस्तकं वाचली, प्रत घेण्याची रीत बदलली. दर महिन्याची तालीम मंजूर करून घेतली.

या महिन्यात साडेतीन तास लागले. करारात अजून दोनच लिहिलेत.