हात काढला तरी फिरणारा चरखा

येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी पेटीत मावणारा घडीचा चरखा घडवला. त्याचं नावच पडलं ‘येरवडा चरखा’. हाताने फिरवला की चाक फिरतं, हात थांबला की थांबतं. मला त्यातलं हे थांबणंच फार मोलाचं वाटतं. का, ते सांगते.

तुमच्या पेशींमध्येही अशी चिमुकली यंत्रं आहेत. त्यांना म्हणतात कायनेज. माणसात त्यांचे पाचशेहून जास्त प्रकार सापडतात! कायनेजला एक खोबण असते. एटीपी नावाचा रेणू तिच्यात येऊन बसतो. कायनेज त्याच्या टोकाचा फॉस्फेट तोडतं आणि दुसऱ्या एखाद्या प्रथिनाला चिकटवतं. मग ते प्रथिन जागं होतं, पुढच्याला उठवतं आणि निरोप पोचतो, ‘चला, एका पेशीच्या दोन व्हा!’ खरचटलेल्या गुडघ्यावर नवी कातडी येते ती अशाच निरोपांमुळे. जखम भरली की निरोप बंद.

आणि बंद झालाच नाही तर?

शिकागोच्या शास्त्रज्ञ जॅनेट राउली घरी जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांचे फोटो कात्रीने कापून जुळवत बसायच्या. मुलं चिडवायची, आई कागदाच्या बाहुल्या खेळतेय! त्या ‘बाहुल्यां’मधूनच त्यांनी १९७३ साली दाखवून दिलं, की सीएमएल नावाच्या रक्ताच्या कर्करोगात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. गुणसूत्र! नावातच सूत आहे बघा. हे सूत चुकीचं जोडलं गेलं, की त्यातून असं कायनेज बनतं ज्याला थांबणं ठाऊकच नाही. हात काढला तरी चरखा फिरतोच. पांढऱ्या पेशी वाढतच सुटतात.

मग शास्त्रज्ञांनी नेमकं त्या खोबणीत बसणारं औषध तयार केलं, इमॅटिनिब. ते बसलं की एटीपीला जागाच उरत नाही. चाकात पाचर! अमेरिकेत डॉक्टर ब्रायन ड्रुकर यांच्या पहिल्या चाचणीत पुरेसा डोस मिळालेल्या ५४ पैकी ५३ रुग्णांच्या रक्तातल्या पेशींचं प्रमाण पूर्ववत झालं. तेही रोजच्या गोळ्यांनी! काही वेळा कायनेज आपला आकार बदलतं आणि पाचर निसटते. तेव्हा नवी पाचर घडवावी लागते.

भारतात मूळ कंपनीच्या इमॅटिनिबला महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये पडत. कंपनीला इथे पेटंट हवं होतं. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने विरोध केला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारलं. भारतीय कंपन्यांची तीच गोळी तेव्हा महिन्याला साधारण ८ ते १० हजारांत मिळत होती, आणि ती मिळत राहिली.