दुकानाच्या नावाचा कुकर : खरेदीपूर्वी पारख

नागपूरच्या हुडकेश्वर भागातील नव्या वसाहतींत संसार थाटणाऱ्या कुटुंबांना मोठ्या दुकानांच्या स्वतःच्या नावाचे प्रेशर कुकर स्वस्त वाटतात. मात्र नाव दुकानाचे असले, तरी निर्माता बहुधा वेगळाच असतो. सुरक्षा झडप निकामी ठरल्यास वाफेचा दाब जीवावर बेतू शकतो. म्हणूनच १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरवर आय.एस.आय. चिन्ह अनिवार्य आहे. चिन्हाच्या वर ‘आय.एस. २३४७’ हा मानक क्रमांक व खाली परवाना क्रमांक असावा. ‘बीआयएस केअर’ या मोबाईल ॲपवर परवाना क्रमांक नोंदविल्यास खरा उत्पादक, परवान्याची मुदत व त्यात समाविष्ट व्यापारी नावे कळतात. दुकानाचे नाव त्यांत नसेल, तर खरेदी टाळावी. पावती अवश्य घ्यावी. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ उपलब्ध आहे.